पालथ्या होडीवरचे दोन साक्षीदार

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे, दोन वाजून वीस मिनिटांनी, ‘टायटॅनिक’ ही आगबोट उत्तर अटलांटिक महासागरात दिसेनाशी झाली, त्या वेळी तिच्यापासून फारशा दूर नसलेल्या पाण्यात कापडी कडांची एक घडीची होडी पालथी होऊन तरंगत होती. आणि तिच्या त्या निसरड्या तळावर धडपडत चढलेल्या पंचवीस-तीस माणसांत दोघे असे होते की, त्यांच्या जबान्यांतील विरोधाचा निकाल लागावयास पुढे त्र्याहत्तर वर्षे जावी लागली. पहिला चार्ल्स लाइटोलर, वय वर्षे ३८, बोटीवरील दुय्यम अधिकारी, आणि त्या रात्री वाचलेल्या अधिकाऱ्यांत सर्वांत वरिष्ठ. दुसरा जॅक थेयर, वय वर्षे १७, पहिल्या वर्गाचा उतारू. त्याची आई दुसऱ्या एका होडीत बसून गेलेली होती आणि वडील बोटीबरोबर गेले. लाइटोलरचे म्हणणे असे की, बोट अखंड बुडाली. थेयरचे म्हणणे असे की, ती आधी तुटली आणि मग बुडाली.

या एका मुद्द्यावरून आमच्या वाचनालयाच्या पडवीत दोन वयोवृद्ध स्नेह्यांचा जो वाद झाला, तो वाद म्हणण्यापेक्षा दोन आयुष्यभराच्या सवयींची टक्कर म्हणणे अधिक योग्य होईल. रावसाहेब दिवाणी न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. साक्षीपुराव्याच्या कागदांत त्यांची हयात गेली. मास्तर अलिबाग तालुक्यातल्या समुद्रकाठच्या गावचे. शाळेत इतिहास शिकवला, आणि बंदरावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून जे ऐकले तेही इतिहासातच जमा होते अशी त्यांची कायमची समजूत. प्रस्तुत लेखकाकडे केवळ श्रोत्याची भूमिका आली, आणि ती त्याने शक्य तितक्या निःपक्षपातीपणे पार पाडली. अगदी शेवटपर्यंत पार पाडली असे मात्र म्हणवत नाही.

“दोन देशांत दोन चौकश्या झाल्या,” मास्तरांनी सुरुवात केली. “अमेरिकेच्या सिनेटने विल्यम अल्डन स्मिथ यांच्या अध्यक्षतेखाली एक नेमली, आणि इंग्लंडात लॉर्ड मर्सी यांच्यापुढे दुसरी चालली. दोन्ही ठिकाणी बोट तुटल्याचे सांगणारी माणसे पुढे आली. उतारूंनी सांगितले, खलाश्यांनी सांगितले. आणि दोन्ही ठिकाणी फैसला काय झाला? बोट अखंड बुडाली! १९८५ च्या सप्टेंबरात रॉबर्ट बॅलर्ड आणि झाँ-लुई मिशेल यांच्या पथकाला सुमारे ३,८०० मीटर खोलीवर बोट सापडली, तेव्हा नाळेकडचा भाग एकीकडे आणि पिछाडीचा भाग सुमारे सहाशे मीटरांवर दुसरीकडे! म्हणजे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते खरे ठरले, आणि ज्यांनी कागदावर ठरवले ते खोटे. रावसाहेब, यात आता वादाला जागा कुठे उरली?”

“जागा पुष्कळ आहे,” रावसाहेब शांतपणे म्हणाले. “तुम्ही निकालाचा दिवस १९८५ धरता आणि तिथून मागे वळून १९१२ च्या न्यायाधीशाला दोषी ठरवता. त्याच्या खुर्चीत बसून पाहा. रात्र चंद्राविना. बोटीवरचे दिवे बुडण्यापूर्वी दोनएक मिनिटे विझलेले. पाणी गोठणबिंदूच्या आसपास, माणसे भेदरलेली, कित्येक जण शेकडो हात दूर होड्यांत बसून पाहणारे. एका बाजूला ही जनता, आणि दुसऱ्या बाजूला आयुष्य समुद्रावर घातलेला, जहाजाचा सांधा न् सांधा ठाऊक असलेला अधिकारी, जो बोटीबरोबर पाण्यात गेला आणि बोटीच्या जवळच वर आला. तुम्ही कोणाची साक्ष वजनदार धराल? मी लाइटोलरचीच धरली असती. चूक ठरलो असतो. पण बेकायदा ठरलो नसतो.”

“वजनाची गोष्ट नंतर,” मास्तर म्हणाले. “आधी तराजूत काय काय पडले ते पाहू. लॉर्ड मर्सींपुढे पंचवीस हजारांहून अधिक प्रश्न विचारले गेले. दिवाणखान्यात बोटीची वीस फूट लांबीची प्रतिकृती उभी केली होती, बर्फाचे नकाशे टांगले होते, मदतीला पाच तज्ज्ञ बसवले होते. आणि उतारू किती बोलावले, ठाऊक आहे? तीन. कंपनीचे प्रमुख ब्रूस इस्मे, जे त्या सफरीत होते, आणि सर कॉस्मो डफ-गॉर्डन व त्यांच्या पत्नी. त्या दांपत्याला तरी का बोलावले? तर चाळीस माणसांच्या होडीतून बाराच जण निघाले, त्यांत हे दोघे. लोकांत कुजबुज झाली, आणि त्यांच्या अब्रूचा खुलासा व्हावा म्हणून! ज्यांची अब्रू जाण्यासारखी होती त्यांना खुर्ची मिळाली. ज्यांचे माणूस गेले, त्यांतल्या एकालाही त्या दिवाणखान्याचा उंबरठा साक्षीदार म्हणून ओलांडता आला नाही.”

येथे रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना ओळखणाऱ्यांना हे लक्षण ठाऊक आहे: मुद्दा लागला, पण कबूल करण्यापूर्वी ते त्याची हद्द आखून घेणार.

“चौकशी म्हणजे इतिहास नव्हे, मास्तर. व्यापार खात्याने त्या न्यायालयापुढे सव्वीस प्रश्न ठेवले होते. वेग किती होता, इशारे मिळाले होते का, होड्या किती होत्या, त्या कशा सोडल्या, दोष कोणाचा. बोट बुडताना दोन तुकडे झाले की एक, यावर कोणाचाही दोष वाढत नव्हता की घटत नव्हता. न्यायालयाला जे ठरवण्याची जरुरी नसते, ते त्याने ओझरते ठरवले तर त्याला त्याच्या जागी ओझरतेच धरावे. शिवाय अमेरिकेतल्या चौकशीत उतारू बरेच होते, तिसऱ्या वर्गातले तिघेही होते. तरी निष्कर्ष तोच निघाला. म्हणजे दोष केवळ लंडनच्या दिवाणखान्याचा नव्हे.”

सिनेटर स्मिथ यांचा विषय निघाला की इंग्रज लेखक एक गोष्ट हटकून सांगतात, ती येथे नमूद करावीशी वाटते. हिमनग कशाचा बनलेला असतो, असे त्यांनी पाचवा अधिकारी लो याला विचारले, आणि ‘बर्फाचा’ एवढेच उत्तर मिळाले. वृत्तपत्रांनी स्मिथ यांची यथेच्छ टर उडवली. वस्तुतः हिमनगांत खडक व माती अडकलेली असते हे भूगोलाच्या कोणाही विद्यार्थ्यास ठाऊक आहे, आणि जहाजाचा पत्रा कशाने फाटला हे ठरवताना तो प्रश्न मुळीच मूर्खपणाचा नव्हता. मूर्खासारखा दिसणारा प्रश्न विचारण्याचे धैर्य चौकशी करणाराच्या अंगी असावे लागते. मर्सींच्या चौकशीत सर्व प्रश्न फार शहाणे होते, हेच कदाचित तिचे वैगुण्य.

“तिसऱ्या वर्गाचे नाव आपणच काढलेत,” मास्तर पुढे सरसावले, “तर एक मामला ऐकाच. लंडनच्या चौकशीत तिसऱ्या वर्गातल्या मृतांच्या नातेवाइकांच्या वतीने हार्बिन्सन नावाचे बॅरिस्टर उभे होते. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना वर येऊ दिले नाही, असा आरोप गावभर होता. अखेरीस या बॅरिस्टरांनीच निवेदन केले की, असा आरोप शाबीत करणारा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. आणि मर्सींनी आपल्या अहवालात समाधानाने लिहून टाकले की, तिसऱ्या वर्गाला अन्यायाची वागणूक मिळाली नाही. पुरावा येणार कुठून? तिसऱ्या वर्गाचा एक इसम त्या कोर्टात हजर केला नव्हता! तिकडे अमेरिकेत डॅनियल बकली नावाच्या आयरिश पोराने सांगितले होते की, वर जाणाऱ्या जिन्यावरचे फाटक एका खलाश्याने कुलूप लावून बंद केले आणि लोकांनी ते मोडले. ती जबानी छापील स्वरूपात उपलब्ध होती. आता मुलांचा हिशेब घ्या. दुसऱ्या वर्गातली मुले सगळी वाचली. तिसऱ्या वर्गातल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश. बाकीची पोरे काय आपल्या मर्जीने खाली राहिली?”

रावसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “साक्षीदाराला बोलवायचे नाही, आणि मग साक्ष नाही म्हणून मुद्दा निकालात काढायचा, हे कोणत्याही दप्तराला शोभणारे नाही. त्या बाबतीत तुमचा हुकूमनामा मी मान्य करतो. अर्थात बकलीनेच असेही सांगितले होते की, पुढे तिसऱ्या वर्गालाही पहिल्या व दुसऱ्या वर्गाइतकीच वाचण्याची संधी होती. तुम्ही ते वाक्य गाळलेत.”

“गाळले,” मास्तरांनी हसून कबूल केले.

“सगळेच गाळतात. माझा आक्षेप नेमका हाच आहे. बोटीवरून वाचलेल्या माणसांच्या तोंडचे जे जे पुढे खरे ठरले ते ते तुम्ही उचलता, आणि जे खोटे ठरले ते त्यांच्या दुःखाच्या खाती टाकून मोकळे होता. कप्तान स्मिथ कसे मेले? कोणी म्हणाले, ते सुकाणूच्या खोलीत उभे राहून गेले. कोणी म्हणाले, पाण्यात पोहत होते. कोणी म्हणाले, हातात एक मूल घेऊन होडीपर्यंत आले, मूल दिले आणि परत फिरले. हे सगळे एकाच वेळी खरे असू शकत नाही. वाद्यवृंदाने शेवटी काय वाजवले? बिनतारी यंत्रावरचा हॅरल्ड ब्राइड एक नाव सांगतो, होड्यांतल्या बायका दुसरेच सांगतात. एका अधिकाऱ्याने स्वतःवर गोळी झाडली असे काही जण सांगतात. तो अधिकारी कोण, यावर एकमत नाही. यातले खरे कुठले हे ठरवायला समुद्राच्या तळाशी कोणतीही वस्तू पडलेली नाही. पत्रा सापडला, म्हणून थेयर खरा ठरला. ज्या गोष्टींचा पत्रा नाही, त्यांचे काय करणार? आणि थेयरही किती खरा? कारपेथियावर त्याच्या सांगण्यावरून जी चित्रे काढली गेली, ती तुमच्याच पुस्तकात आहेत. उघडा.”

पुस्तक उघडले गेले. हा प्रसंग थोडा जवळून पाहण्यासारखा होता. ज्या बोटीने ७०० च्यावर वाचलेल्यांना उचलून घेतले, त्या कारपेथिया नामक बोटीवर त्या पोरक्या मुलाने जे सांगितले, ते तिच्यावरच्या एका उतारूने पेन्सिलीने टप्प्याटप्प्याने रेखाटले होते. एका चौकटीत बोट मध्ये मोडलेली. पुढच्या चौकटीत मात्र पाण्याखाली गेलेली नाळ पुन्हा वर आलेली, आणि दोन्ही टोके आभाळाकडे तोंड करून उभी.

“नाळ कधीही वर आली नाही,” रावसाहेब बोटाने दाखवीत म्हणाले. “ती सर्वांत आधी गेली, आणि गेली ती गेली. म्हणजे तुमच्या साक्षीदाराची जी एकमेव समकालीन कैफियत चित्ररूपाने आहे, तिच्यात तो मुख्य मुद्द्यावर बरोबर आणि लगतच्याच मुद्द्यावर चूक. हे चित्र १९१२ च्या मे महिन्यात माझ्यापुढे रुजू झाले असते, आणि समोर लाइटोलर उभा असता, तर मी काय करायला हवे होते, सांगा.”

“चित्र थेयरने काढलेले नाही,” मास्तर म्हणाले. “ऐकून दुसऱ्याने काढले.”

“म्हणजे ऐकीव. आणखीच हलके.”

“पण मग त्या मुलालाच बोलवायचे होते! चित्र हलके, तर चित्राचा धनी जिवंत होता; फिलाडेल्फियाचा, घरंदाज घरचा, हाकेच्या अंतरावर. सिनेटनेही त्याला साक्षीला उभे केले नाही आणि मर्सींनीही नाही. कर्नल ग्रेसी त्याच पालथ्या होडीवर होते. त्यांनी बोट अखंड गेली म्हणून सांगितले आणि पुस्तकही लिहून ठेवले. लाइटोलर होते, त्यांचे ऐकले. तिसरा त्याच होडीवरचा, त्याच पाण्यातून निघालेला, उलट सांगणारा. तो मात्र सतरा वर्षांचा. वयाशिवाय त्याच्यात काय उणे होते? आपल्या कोर्टात तर शाळकरी मुलाची साक्ष चालते. एका बाबतीत खोटे बोलला म्हणून सगळ्यांत खोटा, हा विलायती दंडक आपल्या न्यायालयांनी नियम म्हणून कधी स्वीकारला नाही, हे आपणच मला सांगितले आहे. फोल पाखडून दाणे ठेवावेत, असेच ना? मग सूप हातात घेण्याआधीच पोते परत पाठवायचे, हा कुठला न्याय?”

हा प्रतिटोला रावसाहेबांना मनापासून आवडला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. तथापि ते हटणारे नव्हते.

“आता कागदाची बाजू घेऊन एक बोलतो. तुम्ही कागदाला इतके हिणवता, पण वाचलेल्यांचे म्हणणे तुमच्यापर्यंत पोचवले कोणी? कागदानेच. बकली आज तुम्हाला ठाऊक आहे तो सिनेटच्या लेखनिकामुळे.”

“कागद चुकत नाही असे तर म्हणत नाही ना आपण? दोन्ही चौकश्यांना मेलेल्यांची बेरीजसुद्धा सारखी करता आली नाही. अमेरिकेचा आकडा मृत १,५१७ आणि वाचलेले ७०६. इंग्लंडचा मृत १,४९० आणि वाचलेले ७११. जी माणसे जिवंत, चालतीबोलती, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर १८ एप्रिलला रात्री उतरली, त्यांच्या मोजदादीत पाचांचा फरक!”

“आकड्यांचा फरक कारकुनी असतो.”

“मग लाइटोलरचा फरक कसला होता? तेही ऐका. पुढे १९३५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले. चौकशीत कंपनीची आणि व्यापार खात्याची बाजू सांभाळून बोलावे लागले, सारवासारव करावी लागली, अशा आशयाची कबुली त्यांनी त्यात स्वतःच दिली आहे. सोळा होड्यांचा नियम त्याच खात्याचा. दहा हजार टनांवरच्या जहाजाला सोळा होड्या पुरेत, असा तो १८९४ सालचा ठराव. टायटॅनिक ४६ हजार टनांची, तिला वीस होड्या होत्या, म्हणजे कायद्याहून चार अधिकच! जागा १,१७८ जणांची, माणसे २,२०० हून जास्त, आणि सगळे कायदेशीर. नियम करणारे खाते, चौकशी नेमणारे खाते, प्रश्न तयार करणारे खाते एकच. आणि आपला वजनदार साक्षीदार म्हणतो की, मी सांभाळून बोललो. रावसाहेब, तराजूत एवढे टाकल्यावर आता वजन करा.”

येथवर आल्यावर वाद तात्त्विक उरला नव्हता. पडवीतून खाडीकडचे आभाळ भरून आलेले दिसत होते, आणि आषाढातल्या त्या दिवशी मास्तरांनी ज्या बोटीचा विषय काढला तो निघणारच, हे रायगड जिल्ह्यातल्या कोणालाही सांगावे लागले नसते.

“आमच्याकडे तर एवढाही कागद नाही,” मास्तर म्हणाले. “१७ जुलै १९४७. आषाढ अमावास्या, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ सुटली रेवसला यायला. सणाला घरी निघालेले गिरणीतले, बाजारातले, नोकरीतले आमचे लोक. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ बोट लाटेने कलली, माणसे एका अंगाला गेली, आणि बोट उलटली. टायटॅनिकला दोन तास चाळीस मिनिटे मिळाली. ह्यांना काही क्षण. तिच्यावर बिनतारी यंत्र होते, ह्यांच्यावर नव्हते. मुंबईला बातमी गेली ती एका मुलाबरोबर, जो तरंगत तरंगत किनाऱ्याला लागला. सहाशेहून अधिक माणूस गेले. आणि वाचले ते कोणामुळे? मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या आमच्या कोळ्यांच्या मचव्यांमुळे. त्यांनी मासळी दर्यात लोटून दिली आणि माणसे घेतली, असे बंदरावर आजही सांगतात.”

“सांगतात,” रावसाहेब म्हणाले, पण आवाजात उपरोध नव्हता.

“सांगतातच. कोणी लिहून घेतले नाही, म्हणून सांगतात! पुढे महिनाभरात स्वातंत्र्य आले, फाळणीच्या बातम्या आल्या, आणि सहाशे कोकणी माणसांना वृत्तपत्रात किती दिवस जागा मिळणार? टायटॅनिकच्या खुर्च्या-टेबलांवर पुस्तके आहेत. आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या आठवणी आहेत. आपला कायदा लावला तर त्या ऐकीव, हलक्या, परस्परविरोधी. मग रामदास बुडाली की नाही?”

“बुडाली. ते अमान्य करण्याइतका मी कोर्टाचा झालेलो नाही.” रावसाहेबांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. “पण मास्तर, ज्यांच्या वतीने तुम्ही बोलता, ते वाचलेले लोक म्हणजे एक पक्षकार नव्हेत. रामदासचा कप्तानही वाचला होता. त्याला आपल्या तालुक्यात किती जणांनी माफ केले? बोट गेली आणि कप्तान राहिला, एवढ्यावरच लोकांनी त्याचा निकाल लावला. इस्मे वाचले, त्यांनी काय केले, होडीत जागा रिकामी होती का, समोर कोणी बाई होती का, हे सगळे बाजूला राहिले आणि वाचणे हाच गुन्हा झाला. टायटॅनिकवर एकच जपानी उतारू होता, होसोनो नावाचा. होडीत दोन माणसांची जागा आहे अशी हाक आली, एक जण उतरला, मागून हा उतरला. मायदेशी गेल्यावर त्याची नोकरी गेली, निंदा झाली. नोकरी पुढे परत मिळाली, निंदा राहिली. यांना फाशी कोणी दिली? कोर्टाने नव्हे. तुमच्या तोंडी इतिहासाने. आपल्या कोर्टात किमान ‘तुमचे म्हणणे काय’ एवढे तरी विचारतात.”

या बोलण्याने मास्तर खरोखर निरुत्तर झाले, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते होणे रास्तच होते. बुडत्या बोटीवरून परतलेल्या माणसाला समाज दोनच जागा देतो: एक, ज्याचे ऐकून डोळे पुसावेत अशा भाग्यवंताची, दुसरी, दुसऱ्याच्या जागेवर बसून आलेल्या चोराची. यांपैकी कोणत्याही जागेवरून त्याला आपण काय पाहिले ते साधेपणाने सांगता येत नाही, कारण पहिल्या जागेवर त्याला कोणी उलट प्रश्न विचारीत नाही आणि दुसऱ्या जागेवर त्याचे उत्तर कोणी ऐकत नाही. लाइटोलर सुदैवी, की त्याच्या हातून कितीतरी होड्या भरल्या गेल्या, त्याने स्वतः होडीत बसण्यास नकार दिला, आणि पालथ्या होडीवर त्याने पहाटेपर्यंत सर्वांना उभे करून, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे झुकावयास लावून, तोल सांभाळला. त्यामुळे त्याच्या वाचण्याला कोणी हरकत घेतली नाही. पण जो इतका निर्विवाद शूर, त्याच्या डोळ्यांबद्दलही शंका घेऊ नये, अशी एक सोय त्याच्या शौर्याने दोन्ही न्यायमंडळांना करून दिली. शौर्य हा चारित्र्याचा पुरावा आहे, दृष्टीचा नाही. रावसाहेबांचा मुद्दा मला पटूनही मी या ठिकाणी मास्तरांच्या बाजूस किंचित झुकलो, हे मघाशी निःपक्षपाताविषयी जे लिहिले त्याचे स्पष्टीकरण समजावे.

“ईव्हा हार्ट सात वर्षांची होती,” काही वेळाने मास्तर पुन्हा म्हणाले. आवाज खाली आला होता. “आई आणि ती होडीत, बाप बोटीवर. आयुष्यभर ती सांगत राहिली की, बोट तुटताना मी पाहिली. लहान होतीस, तुला काय कळणार, असे तिला आयुष्यभर उत्तर मिळाले. ती अशीतशी नव्हती. इंग्लंडात पुढे मॅजिस्ट्रेट झाली. न्यायासनावर बसून दुसऱ्यांच्या साक्षी ऐकणाऱ्या बाईची स्वतःची साक्ष अशी पडून होती. १९८५ साली ती हयात होती, एवढे बरे. १९९६ साली वारली. पण त्या रात्री पाण्यावर असलेल्या किती जणांच्या हयातीत समुद्रतळावरच्या तुटक्या बोटीचे छायाचित्र आले? आणि थेयर तर १९४५ मध्येच गेला होता.”

“त्याने पुन्हा लिहून ठेवले होते ना?”

“१९४० मध्ये. थोड्या प्रती छापल्या, घरच्यांपुरत्या. त्यातही तेच म्हटले आहे: तुटली.”

रावसाहेबांनी ते पेन्सिलीचे चित्र पुन्हा समोर ओढले आणि बराच वेळ न्याहाळले. “लाइटोलर पाण्यात गेला तो बोटीच्या पुढच्या भागातून,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “हवेच्या झरोक्याच्या जाळीवर पाण्याच्या ओढीने चिकटला. आतून गरम हवेचा झोत आला त्याने सुटला. वर आला, तर पुढचे धुराडे शेजारी कोसळले आणि त्या लाटेने होडी दूर ढकलली. म्हणजे ज्या मिनिटांचा प्रश्न आहे, त्यांतली बहुतेक तो नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून झगडत होता. अशा माणसाने ‘मी पाहिले नाही’ म्हटले असते, तर मी ते तत्काळ मानले असते. ‘तुटली नाही’ म्हटले, इथे तो आपल्या नजरेच्या पलीकडे गेला. मर्सींच्या जागी जो कोणी बसला होता, त्याने त्याला तिथेच थांबवायला हवे होते.”

“मग थेयर?”

“त्यालाही मी सहजासहजी सोडला नसता. त्याला पहिला प्रश्न विचारला असता की, होडीवर चढलास तेव्हा तुझी पाठ कुठे होती आणि तोंड कुठे, दिवे गेल्यावर तुला काय दिसले आणि काय फक्त ऐकू आले, आणि नाळ वर आली हे तू स्वतः सांगितलेस की चित्र काढणाऱ्याने जोडले.”

“पोर घाबरले असते.”

“घाबरू दे. विचारले तर असते.”

“आणि लाइटोलरला?”

“हेच. याच क्रमाने,” रावसाहेब म्हणाले, आणि मास्तरांकडे वळले. “तुमच्या बंदरावरचे जे कोणी अजून आहेत, मासळी टाकल्याचे सांगणारे, त्यांतल्या एकाकडे मला घेऊन चला. कोरा कागद आणि दोन पेन्सिली माझ्याकडे आहेत. फक्त तुम्ही मध्ये बोलायचे नाही.”

“एकदाही नाही?”

“जबानी पुरी झाल्यावर, सही घेण्यापूर्वी, काय ते विचारा.”